रंगाचा तिसरा हात

"वहिनी, याच्याजवळ हात नेऊन बघा. सावकाश, चटका बसेल."

गाडी जॅकवर उचललेली होती. पुढचं उजवं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. चाकामागच्या त्या लोखंडी भागाजवळ मी बोटं नेली आणि लांबूनच मागे घेतली. धग लागत होती.

"कितीशी चालवलीत?" मी विचारलं.

"सकाळी तुमच्या दारापासून इथवर, आणि तुम्हाला दाखवायला आत्ता पुन्हा तेवढीच. बाजारातून आलो, वेगसुद्धा नाही. एवढ्यात एवढं तापायला नको."

इरफान शिकलगार हा माझ्या नवऱ्याचा, श्रीरंगचा, शाळेपासूनचा मित्र. कराडच्या बाहेर ओगलेवाडीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. सकाळी तो आमच्या घरून गाडी घेऊन गेला होता आणि दुपारी मी शिकवायची ती शाळा सुटायच्या सुमारास त्याचा मला फोन आला होता. येऊन जा, पण आप्पांना बरोबर आणू नका, एवढंच म्हणाला होता. आप्पा म्हणजे माझे सासरे.

श्रीरंगला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध आटोपलं आणि सासूबाई म्हणाल्या, ती गाडी आता दारात नको. तोवर ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. अपघातानंतर विम्यातून चिपळूणच्या एका गॅरेजनं तिची डावी बाजू नवी करून दिली होती, पण घरी आणल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. आता एक गिऱ्हाईक बघून गेलं. त्याला गाडी आवडली, फक्त एक गोष्ट खटकली. पुढच्या उजव्या चाकाच्या जाळीतून लाल कॅलिपर दिसायचा, काळवंडलेला, आणि डावीकडचा नवा, नुसता करड्या लोखंडाचा. आप्पांनाही ते खटकलं. विकायची तरी नीट करून विकू, दोन्ही एकसारखे रंगवून घेऊ, म्हणाले. गाडी थांबवताना चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला जो चिमटा पकडतो, तो हा कॅलिपर. एरवी तो कुणाच्या नजरेत येत नाही. श्रीरंगला मात्र तो लाल हवा होता.

इरफाननं ते सगळं थंड होऊ दिलं, मग खोलून बाकावर मांडलं. "बसा," म्हणाला. मी एका जुन्या टायरवर बसले.

"मला आधी वाटलं, गाडी वर्षभर उभी होती, गंजानं अडकलं असेल. कधीकधी होतं तसं. म्हणून सकाळी एकदा खोलून बघितलं. तर गंज नाही." त्यानं एक लोखंडी चौकट माझ्यापुढे धरली. "ब्रेकपॅड या खाचेत बसतो. पाय दाबला की पुढे सरकतो, सोडला की मागे. त्याला इथं जागा लागते, थोडी सैल. इथं बघा."

खाचेत लाल रंग होता. जाड, गुळगुळीत, कडेला थेंबासारखा साचलेला.

"रंगानं जागा भरून गेली. पॅड पुढे जातो, मागे यायचा तो येत नाही. चकतीला घासत राहतो. गावात कळतही नाही, गाडी जरा जड वाटते इतकंच. पण घाट उतरताना..." तो थांबला. "ही चकती निळी पडलीय बघा. आणि बाहेरचा रंग धुळीनं काळा झालेला नाही, जळलाय. हे आज सकाळचं नाही वहिनी. एवढं जळायला भरपूर ताप लागतो."

मी त्या निळ्या चकतीकडे बघितलं.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, पेडल खाली गेलं."

"हो."

"कसं गेलं?"

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. खाली कसं जाईल, असं विचारलं होतं. "मऊ," मी म्हणाले. "उशीवर पाय ठेवल्यासारखं. पार खालपर्यंत."

इरफाननं मान हलवली. "ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफ होते. मग पाय वाफेवर पडतो, चाकापर्यंत काही पोचत नाही. गाडी थंड झाली की वाफ राहत नाही. नंतर कुणीही येऊन दाबावं, पेडल कडक."

"म्हणजे तपासायला आले होते ते..."

"ते खोटं नाही बोलले. त्यांना कडकच लागलं असणार."

बाहेरून उसाची गाडी चालली होती.  तो आवाज अजून माझ्या लक्षात आहे, कारण ती जाईपर्यंत मी फक्त तोच ऐकत होते.

आम्ही चिपळूणला श्रीरंगच्या मित्राच्या लग्नाला निघालो होतो. श्रीरंगचं डोकं दुखत होतं म्हणून पाटणच्या पुढे मी चालवायला घेतलं. कुंभार्ली घाट मी आधीही उतरले होते. काहीतरी जळाल्यासारखा वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गेला. हँडब्रेक ओढला, गाडी नुसती हेलकावली. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगर. गाडी डोंगराला गेली. श्रीरंग डाव्या बाजूला बसला होता.

पोलिसांना मी हेच सांगितलं, घरीही हेच. तपासणी झाली, ब्रेक ठीक निघाले. मग लोकांनी आपापली समजूत करून घेतली. बाई घाबरली, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला, होतं असं. मला कुणी वाईट हेतूनं म्हणत नव्हतं, निदान सुरुवातीला. पण ऐकून ऐकून माझ्याच मनात ते मुरलं. शाळेत फळ्यावर गणित मांडताना माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, आणि मी आठवून बघायची, तेव्हा पायाखाली नक्की काय होतं. सहा महिन्यांनी मला धड सांगता येईना. वर्ष होईपर्यंत मला जवळजवळ खात्री झाली होती की लोक म्हणतात तेच झालं असणार.

आणि आता इरफान ती चौकट हातात घेऊन उभा होता.

मला रडू येईल असं त्याला वाटलं असावं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. पण रडू आलं नाही, कारण मी त्या लाल रंगाकडे बघत होते आणि मला दुसरंच दिसायला लागलं होतं.

"रंग आप्पांनी दिला होता ना?" इरफान हळूच म्हणाला.

"हो."

आप्पांना गावात दिगंबर पेंटर म्हणत. बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात रंगखात्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही घरातली खिडकी, झोपाळा, तुळशीचा कट्टा, काहीही रंगवायचं असलं की बाहेरचा माणूस येत नसे. श्रीरंगनं जुनी गाडी घेतली, तिला जाळीदार चाकं बसवली आणि कॅलिपर लाल करायला साताऱ्याला टाकतो म्हणाला, तेव्हा आप्पा दुखावले. "मी घरात असताना साताऱ्याला?" म्हणाले. मग त्यांनी तापमान सोसणारा खास रंग मागवला. पुस्तिका चष्मा लावून दोनदा वाचली. श्रीरंगनं कॅलिपर खोलून दिले आणि आप्पांनी अंगणात गोणपाट अंथरून काम मांडलं. तारेच्या ब्रशनं घासलं, धुतलं, पुसलं, वाळवलं, मग एक हात, दुसरा हात. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते बारीक ब्रशनं अगदी आतल्या कोपऱ्यांत रंग भरत होते. पंधरा दिवसांनी आम्ही चिपळूणला निघालो.

"इरफानभाई," मी म्हणाले, "हे आप्पांना सांगू नका."

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"रंग काढून टाका. चौकट साफ करा. नवा द्या आणि गाडी जाऊ दे."

"वहिनी, तुमच्याबद्दल लोक काय काय बोललेत. बेबीआत्या तर मागे एका लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, मी तिथं होतो. हिनं स्वतःची बाजू राखली आणि माझ्या भाच्याला डोंगरावर घातलं, म्हणे. तुम्ही मान खाली घालून बसला होतात. त्याचं काय?"

बेबीआत्या ही आप्पांची धाकटी बहीण. त्यानंतर ती आमच्या घरी आली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे.

"ते आता ऐकून झालंय," मी म्हणाले.

"मी खोटं नाही बोलणार. त्यांनी विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. त्यांना रंगाचं कळतं, ब्रेकचं नाही."

इरफाननं चौकट फडक्यात गुंडाळली आणि बाकाखाली ठेवली. "एक सांगतो," म्हणाला, "नुसत्या रंगानं झालं असंही मी म्हणणार नाही. ऑइल जुनं होतं. घाट मोठा. दोन्ही मिळून झालं असेल." हे तो माझ्यासाठी म्हणत होता की आप्पांसाठी, मला कळलं नाही.

घरी आले तेव्हा संध्याकाळचा दिवा लागला होता. सासूबाई, त्यांना मी आई म्हणत असे, पाट मांडत होत्या. त्या वर्षात आई माझ्याशी वाईट वागल्या नव्हत्या. जेवायला वाढायच्या, शाळेला उशीर झाला तर डबा भरून द्यायच्या. फक्त माझ्याकडे बघत नसत. बोलायचं ते भांड्याकडे, दाराकडे बघून बोलत. मी माहेरी, मिरजेला, निघून जावं असं माझा भाऊ सारखा म्हणायचा. मी गेले नाही. जाणं म्हणजे ते सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं.

"इरफान काय म्हणाला?" आप्पांनी पानावर बसताच विचारलं.

"जुना रंग काढून नव्यानं देतो म्हणाला."

"काढायला त्याला जड जाणार." आप्पांच्या चेहऱ्यावर वर्षभरात प्रथमच काहीतरी हललं. "साधा नाही दिलेला मी. पुस्तिकेत दोन हात लिहिले होते. मी म्हटलं, पावसापाण्यात फिरायची गाडी, चाकाशेजारचा चिखल, दोन हात काय टिकणार? तिसरा दिला. आणि आतल्या खाचा असतात ना, तिथं कुणी रंग देत नाही. दिसत नाहीत म्हणून. पण गंज तिथूनच धरतो. मी तिथंही तिन्ही हात दिले. श्रीरंग म्हणाला, आप्पा, आत कोण बघतंय? म्हटलं, कुणी बघत नाही तिथंच माणसाचं काम कळतं."

आई भाकरी मोडता मोडता थांबल्या. श्रीरंगचं नाव त्या घरात असं सहज निघत नसे.

"तरी काळा कसा पडला, तेच कळत नाही," आप्पा म्हणाले. "आठशे अंश सोसतो म्हणून लिहिलं होतं. फसवलं त्यांनी. उद्या मीच जातो. रंगाची छटा तरी बरोबर जुळवायला हवी, इरफानला ते जमणार नाही."

"तुम्ही कशाला जाताय आप्पा? तो करेल."

"घरी बसून तरी काय करतो?"

मी पुढे बोलले नाही. जास्त अडवलं असतं तर त्यांना शंका आली असती. ते जेवत राहिले, बोलत राहिले. पातळ करायला किती घालायचं, ब्रश कुठला, वारा असताना का रंगवू नये. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडांना आयुष्यभराचे रंग कायमचे बसलेले. आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. उठून सगळं ओरडून सांगावं असं वाटत होतं, आणि या माणसाला हे कधीच कळू नये असंही वाटत होतं.

सकाळी शाळेत जाताना इरफानला फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या तासाला पुन्हा लावला तेव्हा त्यानं उचलला. म्हणाला, "आप्पा आलेत," आणि फोन ठेवला. मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून रिक्षानं निघाले.

आप्पा कालच्याच टायरवर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर ती चौकट. इरफान त्यांच्यापासून जरा लांब, हात पुसत उभा होता, पण हात कधीचेच कोरडे झालेले दिसत होते.

"मी दाखवली नाही वहिनी," तो मला बघून म्हणाला. "फडकं काढून त्यांनीच बघितली."

आप्पांनी वर पाहिलं नाही. त्यांनी ब्रेकपॅड उचलला, खाचेत बसवला, अंगठ्यानं ढकलला. तो आत गेला. मग मागे ओढून बघितला. आला नाही. जरा जोर लावला तेव्हा करकरत आला.

"हा सैल हवा ना रे?"

"हो," इरफान म्हणाला.

"किती सैल?"

"बोटानं सरकला पाहिजे."

त्यांनी खिशातून पाती काढली. ते नेहमी एक जवळ ठेवत, वाळलेला रंग खरवडायला. खाचेच्या कडेला रंग तिरका कापला आणि चौकट उजेडाकडे धरली. कापलेल्या कडेवर थर एकाखाली एक दिसत होते. त्यांनी नखानं वरचा थर उचलला. पुन्हा पॅड बसवून बघितला.

"तिसरा दिला नसता तर?"

"सांगता येत नाही आप्पा. ऑइल जुनं होतं. घाटही तसा. नुसत्या रंगानं झालं असं मी म्हणणार नाही."

"आणि रंगाशिवाय झालं असतं, असं म्हणशील?"



आप्पांनी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळली, व्यवस्थित, चारी कोपरे आत दुमडून. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फार शांत होता. मला त्याचीच भीती वाटली.

"तुला काल कळलं?"

"हो."

"आणि मी जेवताना बडबडत होतो."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. काय बोलावं याचा काही विचार केला नव्हता.

"माझ्यामुळे तो गेला, हे घेऊन मी वर्ष काढलंय आप्पा. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच. ते कसं असतं मला माहीत आहे. ते तुम्हाला द्यायचं नव्हतं."



"ते तुझं नव्हतंच," आप्पा म्हणाले. "माझं होतं. तू वर्षभर सांभाळलंस."

मग उठायला लागले आणि त्यांना उठता येईना. इरफाननं एक हात धरला, मी दुसरा.  "घरी चल," म्हणाले. "तिला सांगायला हवं."

"आईंना नको आप्पा. त्यांना कशाला?"

"ती तुझ्याकडे बघत नाही. मला दिसत नव्हतं का? मला बरं वाटायचं. कुणाला तरी दोष द्यायला मिळाला की माणसाला बरं वाटतं. मी तुला बोललो नाही कधी, पण तिला अडवलंही नाही."

इरफाननं आम्हाला त्याच्या गाडीतून घरी सोडलं. 

पुढच्या काही गोष्टी इथंच सांगून टाकते. गाडी त्या गिऱ्हाइकाला दिली नाही. तिची किंमत आली असती, पण आप्पांचं मन झालं नाही. इरफाननं ती सुटी करून भंगारात घातली. बेबीआत्याला आप्पांनी फोन केला नाही, उंब्रजला तिच्या घरी स्वतः गेले आणि तिच्या नवऱ्यासमोर, मुलांसमोर सगळं सांगून आले. ती माझ्याकडे यायला पुढे बरेच महिने गेले. आली तेव्हा माफी वगैरे मागितली नाही, माझ्यासाठी साडी आणली होती, ती कॉटवर ठेवून गेली. मी ती नेसले. आप्पा त्यानंतर सात वर्षं होते. रंगाचा ब्रश त्यांनी पुन्हा धरला नाही असं सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही. दोनेक वर्षांनी एकदा खिडकी रंगवायला घेतली, अर्धवट ठेवून उठले आणि दुसऱ्या दिवशी पुरी केली. कधीकधी जेवताना मध्येच हात थांबायचा. तेव्हा मी काहीतरी विचारायची, शाळेतलं, बाजारातलं, आणि ते उत्तर द्यायचे. एवढंच मला करता येत होतं.

मी कराड सोडलं नाही. आज त्या घरात मी एकटीच राहते.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा आई मागच्या पडवीत गवारी मोडत बसल्या होत्या. आम्ही दोघं एकदम, अशा अवेळी, म्हणून त्यांनी वर पाहिलं. आप्पा दारातच उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "त्या दिवशी गाडीचा ब्रेक लागला नव्हता. ही सांगत होती ते खरं होतं. मी कॅलिपरला रंग दिला, तो आत अडकला. त्यानं चाक तापलं, ब्रेक गेला. इरफाननं दाखवलं, मी स्वतः बघितलं."

त्यांनी ते एका दमात सांगितलं, वाचून दाखवल्यासारखं. इरफाननं ऑइलबद्दल सांगितलं होतं, ते सांगितलंच नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर करून मला थांबवलं.

आईंच्या हातात शेंग तशीच राहिली. त्या आप्पांकडे बघत होत्या. मग कितीतरी वेळानं नजर माझ्याकडे आली. वर्षभर टाळलेली नजर समोर आल्यावर मलाच खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही.

"तू दाबला होतास ब्रेक?"

"दाबला होता. दोनदा."

त्यांनी शेंग ताटात ठेवली, ताट बाजूला सरकवलं. मी तशीच उभी होते. आता त्या आप्पांना काही बोलतील, किंवा आत निघून जातील, असं मला वाटलं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले.

"तो काही बोलला का गं? शेवटी?"

मला हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. पोलिसांनी वेग विचारला, अंतर विचारलं. नातेवाइकांनी विचारलं, डावीकडेच का घातलीस. मिरजेच्या माझ्या आईनंही, मला त्रास होईल म्हणून, हे विचारलं नव्हतं. आणि आपणहून सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मी मेलेल्या माणसावर ढकलते आहे, असंच कुणालाही वाटलं असतं. म्हणून ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो झोपला होता," मी म्हणाले. "वासानं जागा झाला. मी म्हटलं, ब्रेक लागत नाही. त्यानं हँडब्रेक ओढला. समोर वळण होतं. मला सुचेना, मी उजवीकडे वळवायला लागले होते. मग त्यानं स्टिअरिंगवरचा माझा हात धरला आणि स्वतःकडे ओढला. म्हणाला, डावीकडे घे. डोंगराला घे."

आईंनी डोळे मिटले नाहीत.

"त्याला कळत होतं? त्याची बाजू होती ती."

"कळत होतं. माझ्याकडे बघून म्हणाला. घाबरला नव्हता. नेहमी सांगायचा तसंच म्हणाला. घे, डोंगराला घे."

 आईंनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला.

"कुठं धरला होता?"

मी मनगट दाखवलं. त्यांनी तिथं आपला तळवा ठेवला, बोटं हळूहळू मिटली आणि तसाच धरून बसल्या. त्यांचं रडणं आवाजाचं नव्हतं, मला ते फक्त हातातून कळत होतं. मीही तेव्हाच रडले, वर्षानंतर.

आप्पा अजून दारात उभे होते. आत यावं की जावं हे त्यांना समजत नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून ते आमच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं आईंनी पदरानं तोंड पुसलं. माझं मनगट सोडलं नाही.

"उभे का आहात?" त्या म्हणाल्या. "या. बसा इथं."